अर्धा चमचा मीठ

दुपारी सगळं घर गप्प असताना स्वयंपाकघरातून स्टीलच्या पेल्यात चमचा फिरल्याचा आवाज आला. किणकिण, किणकिण.

दिपालीने मान वर केली नाही. बालसंगोपन पदविकेचा तिचा प्रकल्प बाइंडिंग होऊन समोर पडला होता आणि ती पानांचे आकडे तपासत होती. आज बुधवार. शुक्रवारी तो कल्याणच्या अभ्यासकेंद्रात द्यायचा होता. तो गेला की पदविका हातात, आणि पदविका हातात आली की टेमघरच्या बालवाडीतली नोकरी. तिथल्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली होती. लग्न होऊन कोन गावात आल्यापासून दिपालीने मागितलेली ही एकच गोष्ट. लेकीला, पूर्वीला, झोपवून, भाकऱ्या थापून, नवरा गोदामातल्या ड्युटीला गेला की मिळेल त्या तासाभरात तिने दोन वर्षं अभ्यास केला होता. विद्यापीठ कुठे तरी लांब. धडे वेबसाइटवर, प्रश्न ई-मेलने, आणि नेट टेमघरच्या दीपेशच्या सायबर कॅफेत.

आतून पाच वर्षांच्या लेकीचा, पूर्वीचा, आवाज आला. ती आपल्या बाहुलीला दटावत होती.

"हगवण लागली की घाबरायचं नाही, बायांनो. एक ग्लास पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर. चल, तोंड उघड."

दिपालीला हसू आलं. पंधरा दिवसांपूर्वी खारबावच्या पुढच्या पाड्यावर तिने बायांसमोर हेच करून दाखवलं होतं. प्रकल्पात तशी अटच होती. पूर्वी तेव्हा तिच्या पदराला धरून उभी होती.

मग आतून "थू" असा आवाज आला आणि पूर्वी ओठ पुसत बाहेर आली. "आई, हे औषध घाण आहे."

"औषध गोडच असतं असं नाही, राणी," असं म्हणत दिपालीने तो पेला हातात घेतला, सहज ओठाला लावला, आणि तिचा चेहरा बदलला. नुसतं मीठ. तिने पुन्हा एक घोट घेऊन पाहिला. घशाखाली उतरेना.

"जास्त टाकलंस ना मीठ?"

"नाही. तू दाखवलंस तेवढंच."

दिपालीने पेला ओतून दिला आणि स्वतः मापून नवं पाणी केलं. तेवढंच खारट. पाड्यावर तिने ते करून दाखवलं होतं, पण स्वतः चाखलं नव्हतं. भाषण पाठ होतं, मग चाखायचं कशाला?

तेवढ्यात सासूबाई मागच्या दाराने आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्यांच्या माहेरी मिठागर होतं. दिपालीने पेला पुढे केला. आक्कांनी जीभ टेकवली.

"यो काय? खाडीचा पानी भरून आनलास काय?"

"आक्का, हे बाळांना हगवणीत पाजायचं पाणी आहे. प्रकल्पात असंच आहे."

"पोराला कोन पाजील यो? म्हशीला पन न्हाय देनार मी." मग त्यांची नजर बाइंडिंगवर गेली. "पन छापलंय ना? मंग छापनाऱ्याला काय अक्कल न्हाय? तुझाच चमचा मोठा असंल."

चमचा रोजचाच होता. दिपालीने कपाटातून गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीचा प्रकल्प काढला. तोही दीपेशकडूनच नमुना म्हणून आणला होता. चौदाव्या पानावर तेच शब्द होते. एक ग्लास, अर्धा चमचा, एक चमचा. क्षणभर तिला हायसं वाटलं. दीपेशने नेटवरून काढून दिलेल्या मजकुरात तेच, या प्रकल्पातही तेच. दोन ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली असेल तर ती बरोबरच असणार.

पण जिभेवरचा खारटपणा जाईना. तिने दोनदा चूळ भरली. पाड्यावरच्या बाया तिच्या डोळ्यांपुढे येऊ लागल्या. तेराजणी होत्या. कुणाच्या कडेवर, कुणाच्या पाठीवर मूल. सखी नावाची एक पुढेच बसली होती. तिच्या मांडीवर आठ महिन्यांचा धाकल्या होता आणि तिने माप तीन वेळा म्हणून घेतलं होतं.

दिपालीने बाइंडिंग पिशवीत टाकलं, पूर्वीच्या पायात चपला घातल्या आणि ती बाहेर पडली.

"आता कुठं निघालीस?" आक्कांनी विचारलं.

"विचारून येते."

"कोनाला?"

ते तिलाही ठाऊक नव्हतं.

सायबर कॅफेत दीपेश कुणाचा तरी रिझल्ट छापत होता. तिचं बोलणं ऐकून तो हसला. "ताई, टेन्शन कशाला घेता? तो प्रकल्प माझ्या फोल्डरमधला हिट माल आहे. पंधराजणांनी नेलाय. सगळे पास. नेट काय झूठ बोलणार?"

"पंधराजणांनी?"

"हां. फक्त नाव बदलायचं आणि गावाचं नाव टाकायचं."

दिपाली खुर्चीवर बसली. पंधराजणांनी म्हणजे पंधरा गावं. प्रत्येकीने कुठल्या तरी अंगणात उभं राहून हेच माप सांगितलं असणार. आणि गेल्या वर्षीचा तो प्रकल्प? तोही याच फोल्डरमधून गेला होता. तिने दोन साक्षीदार धरले होते, तो एकच निघाला.

"दीपेश, विद्यापीठाचं पान उघड. ग्रंथालयाचं."

"ते कोण उघडतं, ताई? त्याला मार्क नाहीत."

पान उघडलं. 'दूरच्या विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालय: पुस्तकं टपालाने, पानं ई-मेलने, शंका फोनवर.' खाली नंबर होता. बाजूला तिच्या नावापुढे हिरवी खूण आणि ओळ, 'माहिती कशी शोधावी व कशी पारखावी: तास पूर्ण.'

"हा तास मी कधी केला?"

दीपेशने मान खाजवली. "तो मीच केला. तुमचे सगळ्यांचे पासवर्ड वहीत आहेत ना? जूनमध्ये एका दुपारी बसलो, पंचवीसजणांचं टिक करून टाकलं. तुम्हीच सगळे बोललात, जे बिनमार्कांचं ते उरकून टाक."

खरं होतं. तीच म्हणाली होती. तिने मोबाइल काढून नंबर लावला. आता कुणी उचलणार नाही असं तिला वाटत होतं, तोच पलीकडून आवाज आला.

"ग्रंथालय, मनिषा बोलतेय. विचारा."

दिपालीने आपलं नाव आणि झालेलं सगळं भरभर सांगितलं. मधेच पलीकडच्या बाईंनी थांबवलं.

"आधी एक सांगा. ते पाणी कुणा बाळाला पाजलंय का?"

"माहीत नाही."

"मग लिहून घ्या. बाकीचं नंतर बोलू. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. ग्लास नाही, लिटर. सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा. चव डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. मी पुस्तकाचं पान समोर धरून वाचतेय, बालरोगाच्या पाठ्यपुस्तकाचं, आणि आरोग्य खात्याच्या पत्रकाशी ताडून पाहतेय. दोन्हींची पानं तुम्हाला पाठवते. आणि बाळ मलूल असेल तर घरचं पाणी करत बसू नका. दवाखाना."

दिपालीचा पेन थांबला. कुणी तरी मधे लिटरचा ग्लास केला होता. साखर त्या हिशेबाने कमी केली आणि मीठ तसंच ठेवून दिलं.

"मॅडम, पण दोन ठिकाणी होतं हो. म्हणून मी…"

"एकीने दुसरीचं उतरवलं तर ती दोन ठिकाणं होत नाहीत, दिपालीताई. ज्या पानावरून तुम्ही घेतलंत, ते उघडा. लिहिणाऱ्याचं नाव आहे?"

"नाही."

"तारीख? कुठल्या पुस्तकातून, कुठल्या डॉक्टरकडून घेतलं ते?"

"काहीच नाही. वर मुलांच्या टॉनिकची जाहिरात आहे."

"बघा. भाजी घेताना तुम्ही वांगं उलटून पाहता ना? पानही उलटून पाहायचं. तो तास याचसाठी होता. तुमच्या नावापुढे तर पूर्ण झाल्याची खूण आहे."

दिपालीने दीपेशकडे पाहिलं. मग तिने खरं ते सांगून टाकलं. दीपेश तिथून उठून पंख्याचं बटण उगाच चाचपू लागला.

मनिषा मॅडम रागावतील असं तिला वाटलं होतं.

"मग माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "पंचवीसजणांनी एकाच दुपारी, वीस मिनिटांत तास संपवला. ते कागद माझ्याच टेबलावर होते. मी खुणा मोजल्या आणि वर पाठवून दिल्या. एकीला तरी फोन करून विचारायला हवं होतं, बाई, काय समजलं? आम्ही इथे म्हणतो, लांबची मुलं विचारत नाहीत. तुम्ही तिथे म्हणता, कोण सांगणार? आणि मधल्या मधे असलं पान गावभर फिरतं."

"आता मी काय करू?"

"तुम्हाला ठाऊक आहे काय करायचं ते. शुक्रवारचं मी केंद्राशी बोलून पाहीन, पण मुदत वाढेलच असं सांगत नाही. तो प्रकल्प तसाच दिलात तर तपासणारेही बहुतेक पास करतील. हेही खरं आहे."

फोन ठेवल्यावर दिपालीने एकदा पूर्वीकडे पाहिलं, एकदा बाइंडिंगकडे. तसाच दिला तर नोकरी. मग तिने ते दीपेशच्या टेबलावर ठेवलं. "हे तुझ्याकडेच राहू दे. आणि फोल्डरमधलं पुसून टाक. बाकीच्या चौदाजणींचे नंबर आहेत ना वहीत? आत्ताच्या आत्ता एकेकीला फोन लाव."

"ताई, त्या मला शिव्या घालतील."

"घालू देत."

दीपेशने वही ओढली आणि पहिला नंबर फिरवला.

खारबावची रिक्षा भरेपर्यंत दिपालीला धीर नव्हता. ती दोनदा उतरली, दोनदा चढली. पूर्वी तिचा हात धरून बसली. पाड्यावर पोहोचली तेव्हा ऊन उतरत होतं. सखीचं दार उघडं होतं. आत धाकल्या गोधडीवर निपचित पडला होता, ओठ सुकलेले.

"काल रातीपासून चालूच हाय," सखी म्हणाली. "तू सांगलंस तसं पाजलं दोनदा. थुकलं त्यानं. तवा जराजरासं बळंच घातलं."

दिपाली गोधडीपाशी खाली बसली. "सखी, मी चुकीचं सांगितलं गं. मीठ जास्त होतं. उचल त्याला, आधी दवाखान्यात."

दवाखाना खारबावच्या रस्त्यावर होता. नर्सबाईंनी बाळाला पाहिलं, चिमटीत कातडी धरून सोडली, डॉक्टरांना हाक मारली. सलाईन लागलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या, पूर्वी मधे. तासाभराने आतून धाकल्याचं रडणं ऐकू आलं, बारीक पण चिडकं, आणि नर्सबाई म्हणाल्या, "रडतोय, बरं झालं. उद्यापर्यंत असाच ठेवला असता तर कठीण होतं."

सखीने डोळे पुसले. मग ती दिपालीकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच दिपालीला सहन होईना.

"मी चाखलं व्हतं ते पानी. मला कळलं, ह्ये पोराच्या पोटाचं न्हाय. पन तू कागद बघून बोल्लीस. शिकलेली बाय. म्हनून मी माझ्या जिभेला गप केलं."

नागरिकहो, एकदा थांबून या वाक्याचा विचार करा. सखीला वाचता येत नव्हतं, तरी तिने पारखलं होतं. दिपालीला वाचता येत होतं, आणि तिने पारखलं नव्हतं. आज घराघरांत संगणक येतोय, पोरंसोरं एका टिचकीत जगाची माहिती आणतायत, आणि आपण कौतुकाने पाहतोय. पण माहिती हाती आली म्हणजे ज्ञान आलं का? छापलंय म्हणजे खरं, पडद्यावर दिसलं म्हणजे खरं, चौघांनी सांगितलं म्हणजे खरं, ही आपली सवय आहे. आपल्या एका आळसाची किंमत कुठल्या गोधडीवर कोण मोजतो, ते आपल्याला दिसतही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपाली पुन्हा पाड्यावर गेली. या वेळी तिच्याबरोबर पूर्वी होतीच, आणि आक्काही होत्या, हातात लिटरची बाटली घेऊन. "तू बोल, मीठ मी मापते," त्या रिक्षातच म्हणाल्या होत्या. बाया जमल्या. दिपालीने मागच्या वेळी लावलेला मापाचा तक्ता भिंतीवरून उतरवला आणि सगळ्यांदेखत फाडला.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. मी ते न तपासता उतरवलं होतं. धाकल्या दवाखान्यात आहे तो माझ्यामुळे."

एक म्हातारी पुटपुटली, "मंग आजचं खरं कशावरनं?"

दिपालीला हा प्रश्न फार आवडला. तिने मनिषा मॅडमनी पाठवलेली, छापून आणलेली पानं काढली, कुणी लिहिली, कुठल्या वर्षी, ते सांगितलं, आणि शेवटी पेला म्हातारीपुढे केला. "आणि हे तुम्हीच चाखा. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर माझं ऐकू नका."

म्हातारीने चाखलं. "ह्ये चालंल," ती म्हणाली. मग पेला एकेकीच्या हातात फिरला.

शुक्रवारी दिपालीने दिलेला प्रकल्प हाताने लिहिलेला होता, अवघा अकरा पानांचा. पहिल्या पानावर तिने आपली चूक लिहिली होती. केंद्रातल्या सरांनी तो चाळला, 'पुढच्या सत्रात पाहू' म्हणून बाजूला ठेवला. बालवाडीतली जागा गेली. तिला वाईट वाटलं, फार वाटलं, पण त्या रात्री तिला झोप लागली. शिक्षण म्हणजे उत्तर उतरवणं नाही. ते कुठून आलं, हे विचारायची हिंमत म्हणजे शिक्षण. आणि चुकलेलं सांगून टाकायची हिंमत म्हणजे त्याच्या पुढची इयत्ता. हे तिला कुठल्याही धड्यात सापडलं नव्हतं.

पण ते नंतरचं. त्या गुरुवारी पाड्यावरून निघताना पूर्वी बोटांवर काही तरी मोजत होती.

"आई, तेव्हा तेराजणी होत्या ना? आज आठच आल्या."

"सखी धाकल्याजवळ आहे. बाकीच्या चौघी वीटभट्टीवर गेल्या, बाळा. मुलांना घेऊन. दूर, कुठल्या तरी भट्टीवर."

पूर्वी थोडं चालली. मग तिने आईचा हात ओढला.

"मग त्यांच्या बाळांना कोण सांगणार?"