वळणावरच्या पावसाळी टायरची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. नाक मुरडलंत? मुरडा, मला सवय आहे. पण साधासुधा नव्हे हो, शर्यतीच्या गाडीचा, आणि त्यातही पावसाळी. आज शर्यतीच्या रस्त्यावर एका वळणाला टाकाऊ टायरांची भिंत रचली आहे, तिच्यात मला बोल्ट मारून जखडलं आहे. एखादी गाडी घसरली तर तिने आमच्यावर येऊन आपटावं, एवढंच आता आमचं काम. अंगावर पांढरा रंग फासला आहे. पोटात पाणी साचतं आणि त्यात डास अंडी घालतात. असो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका तापलेल्या साच्यात झाला. बाहेर पडलो तेव्हा माझ्या अंगभर खोल, तिरक्या खाचा होत्या. कोरड्या रस्त्यावरचे शर्यतीचे टायर टकलासारखे गुळगुळीत असतात. ते डावीकडे बसवा नाहीतर उजवीकडे, त्यांना काही फरक पडत नाही. आमचं तसं नाही. आमच्या खाचा रस्त्यावरचं पाणी उचलून बाहेर फेकतात, म्हणून आम्हाला एकाच दिशेने फिरावं लागतं. उलटं फिरवलंत, तर तेच पाणी आम्ही चाकाखाली ओढून घेतो आणि गाडी रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागते. कुणी विसरू नये म्हणून आमच्या कुशीवर फिरण्याच्या दिशेचा बाण उठवलेला असतो. मी गाडीच्या डाव्या बाजूचा. माझा जोडीदार उजव्या बाजूचा.

आम्ही एका गॅरेजात आलो. मालकाला सगळे वस्ताद म्हणत. आठवडाभर तो लोकांच्या गाड्या दुरुस्त करी आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःची एक गाडी शर्यतीला काढी. तुमच्या दारात उभी असते तसलीच गाडी, फक्त मागच्या सीटा उपटून काढलेली. शर्यत लांब पल्ल्याची. एकाने दमेपर्यंत चालवायची, मग पिटमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या थांब्यावर येऊन दुसऱ्याच्या हाती द्यायची. चालवायला वस्तादची दोन मुलं होती, थोरला आणि धाकटी.

धाकटी रोज सकाळी दुधाची गाडी चालवायची. काचेच्या बाटल्यांचे क्रेट भरलेले, रस्ते खड्ड्यांचे, वरून धो धो पाऊस. तरी हिच्याकडून बाटली फुटत नसे. संध्याकाळी गॅरेजात येऊन ती पालथ्या क्रेटवर बसायची आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने माझ्या खाचांतले खडे काढायची. तोंडाची टकळी चालूच.

"काय रे राजा, दुखतंय का? थोडं थांब, एवढा एक काढते."

"टायरशी बोलतेय बघा!" थोरला हसायचा. "हिला कुणीतरी आवरा रे."

"तुझ्यापेक्षा बरा आहे, दादा. निदान ऐकून तरी घेतो."

तिच्या हाताखाली आम्ही पावसात काय धावलो म्हणून सांगू! ती स्टिअरिंग कधी ओढायची नाही. दोन बोटांनी विचारल्यासारखं वळवायची, आणि आम्हीही मग जीव तोडून रस्ता धरायचो. पण पावसाळी टायरचं नशीब तुम्हाला ठाऊक नाही. आभाळ कोरडं असलं की आम्ही कोपऱ्यात, धुळीत, वर कुणीतरी डबा ठेवून गेलेलं. त्या गुळगुळीत टकल्यांची मात्र कोण ऐट! त्यांना पुसायचं, झाकायचं, ऊब द्यायची. आणि चार थेंब पडले रे पडले की धावाधाव. "अरे, पावसाळी कुठायत? काढा लवकर!" गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगताना अजूनही माझं रबर जळतं.

त्या दिवशी एका मोठ्या संघाचा माणूस शर्यत बघायला आला होता. त्याला पुढच्या वर्षासाठी पावसात चालवणारा एक गडी हवा होता. गडी म्हणा, बाई म्हणा, त्याला चालणार होतं. वस्ताद धाकटीला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, आज पाऊस येणार आहे. गाडी नीट घरी आण, म्हणजे तुझ्या दुधाच्या बाटल्या सुटल्या." धाकटी हातमोजे चढवत राहिली, पण तिची बोटं मोज्यात नीट जाईनात. एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात मागितली होती.

सुरुवात थोरल्याने केली. तेव्हा रस्ता कोरडा होता आणि टकले धावत होते. मग आभाळ फाटलं. थोरला कसाबसा गाडी सावरत पिटमध्ये आला, धाकटी आत बसली आणि चाकं बदलायची घाई उडाली. वस्तादच्या संघात माणसं कमी. म्हणून त्यांची एक रीत होती, की गाडीतून उतरलेल्यानेच पुढची दोन चाकं बसवायची. मागची दोन मेकॅनिक बसवायचे. थोरला दमलेला, डोळ्यांत पाणी गेलेलं. आम्हा दोघांना दोन हातांत धरून तो गाडीच्या नाकासमोर आला. आणि तिथेच घोटाळा झाला. गाडीकडे तोंड करून उभं राहिलं की गाडीची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. त्याने स्वतःची डावी धरली. मी डावीकडचा, बसलो उजवीकडे. जोडीदार उजवीकडचा, बसला डावीकडे. रोजच्या टकल्यांना हे चालून जायचं, हाताला तीच सवय! वस्ताद छत्रीखालून ओरडत होता, "चल, चल, चल!" बाण कुणीच बघितला नाही.

पहिल्याच फेरीत मला कळलं. मी पाणी बाहेर फेकायला गेलो आणि ते माझ्याच पोटाखाली घुसलं. धाकटीलाही कळलं. तिला काय कळणार नव्हतं! तिने ताबडतोब रेडिओवर सांगितलं.

"अप्पा, पुढची चाकं पाणी कापत नाहीत. काहीतरी चुकलंय. मी आत येते, जरा बघा."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" वस्ताद गरजला. "मोठ्या संघाचा माणूस घड्याळ लावून उभाय इथे, आणि तू आत येतेस?"

"अप्पा, खरंच सांगते, गाडी तरंगतेय."

"दादाने आत्ता स्वतःच्या हातांनी चाकं बसवलीत. टायरला नावं ठेवू नकोस. चालव!"

बापाचा शब्द मोडायची सवय नव्हती ना तिला. तिने वेग थोडा उतरवला, तर रेडिओ पुन्हा खेकसला. मग तिने चढवला. मित्रांनो, त्या पुढच्या फेऱ्या तिने कशा काढल्या ते मी जाणतो. उलट्या टायरांवर, भर पावसात, दोन गाड्या मागे टाकल्या तिने! तो घड्याळवाला टाळ्या वाजवत असेल, वस्तादची छाती फुगली असेल. आणि याच वळणावर, आज मी जिथे आहे तिथे, रस्त्यावर पाण्याचं तळं झालं होतं. मी धरायला रस्ता शोधला. खाली रस्ता नव्हताच, नुसतं पाणी. तिने दोन बोटांनी विचारलं, मग दोन्ही हातांनी विनवलं, आणि मी काहीसुद्धा करू शकलो नाही. गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली.

धाकटी बाहेर आली ती मनगट धरून. जीव वाचला, हाडही जुळलं पुढे. तो मोठ्या संघाचा माणूस छत्री मिटून निघून गेला होता.

गाडी ओढून पिटमध्ये आणली. सगळ्यांच्या आधी थोरला पुढे झाला आणि माझ्याजवळ गुडघ्यावर बसला. त्याने बाण बघितला. बोट फिरवून बघितलं. मग पलीकडे जाऊन जोडीदाराचा बघितला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा उठेल, बापाला हाक मारेल. उठला खरा. भराभर नट सोडले, आम्हाला काढलं आणि टायरांच्या ढिगात लोटून दिलं.

"टायर बघितलेस?" वस्तादने विचारलं.

"बघितले, अप्पा. टायर ठीक आहेत."

खोटं बोलला का तो? टायर ठीकच होते की! असं खरं बोलणाऱ्यापेक्षा खोटारडा परवडला.

"माझाच हात चुकला असेल," धाकटी हळूच म्हणाली.

"असेल नाही, चुकलाच," वस्ताद म्हणाला. "वर टायरला बोल लावत होतीस."

थोरला तिथेच उभा होता. अळीमिळी गुपचिळी. धाकटीने बापाची माफी मागितली, मित्रांनो! गाडी फोडल्याबद्दल. आणि तोंडात दातखीळ बसलेल्या त्या भावाने तिच्या पाठीवर हात फिरवला. "होतं असं कधी कधी," म्हणाला. पुढे वस्ताद थकला आणि गॅरेज थोरल्याकडे आलं. धाकटी शर्यतीच्या गाडीत पुन्हा बसली नाही, दुधाच्याच गाडीवर राहिली. बस म्हणायलाही कुणी गेलं नाही. आम्ही काही वर्षं गॅरेजच्या मागे पडून होतो, मग एका ट्रकात भरून इथे आलो.

मागच्या शर्यतीला ती आली होती. केस पिकले आहेत. सोबत तिची मुलगी होती, चांगली उंच, बोलताना दोन्ही हात स्टिअरिंगवर असल्यासारखे फिरवणारी. दोघी याच कुंपणाशी उभ्या राहिल्या. पाऊस भुरभुरत होता.

"आई, मामाला सांग ना, मलाही एकदा चालवू दे."

"कोरड्यात चालव हवं तेवढं. पावसात नको."

"का पण? मला पावसातच आवडतं."

"नको म्हटलं ना! पावसात आपला हात चालत नाही गं. मी इथेच चुकले होते." असं म्हणून तिने या वळणाकडे बोट दाखवलं. मुलीने मान खाली घातली आणि दोघी निघून गेल्या.

मला तोंड असतं तर त्या दिवशी सगळं मैदान डोक्यावर घेतलं असतं. टायरच्या पोटातलं पाणी हिंदकळतं, तेवढंच.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी वस्तूंची काळजी घ्या म्हणून सांगायची पद्धत आहे. घ्या बापडे. टायरची हवा बघा, खाचा बघा. पण गाडी चालवणारी ओरडून सांगत असेल की काहीतरी चुकलंय, तर तिच्या तोंडावर म्हण फेकू नका. खाली वाकून चाक बघा. आणि तुमच्यापैकी कुणाला सकाळी दुधाची गाडी चालवणारी ती बाई भेटली, तर तिला थांबवा. तिच्या मुलीसमोर सांगा तिला, की तुझा हात चुकला नव्हता.