वर्षातून एकदा

"म्हणजे नेमकं किती दिवसांनी करायचं हे ग्रीस?" दंतवैद्याने विचारलं. बेअरिंगवालीने हातातला पाना खाली ठेवला आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले.

गेली बावीस वर्षं ती हेच सांगत आली होती. सांगून सांगून तोंडाला फेस आला तेव्हा तिने शेडच्या दाराशी पाटीच रंगवून घेतली. 'वर्षातून एकदा किंवा वीस हजार किलोमीटर, जे आधी होईल ते.' अक्षरं वीतभर उंच. दंतवैद्य त्याच पाटीला टेकून उभा होता.

"वर्षातून एकदा," ती म्हणाली. "ट्रेलर फिरो नाहीतर अंगणात उभा राहो. उभ्या चाकातही दमट हवा शिरते, गंज धरतो. तुमचं शेवटचं कधी झालं?"

"घेतला तेव्हा झालेलंच असेल की."

"आणि घेतला कधी?"

"झाली की सहा वर्षं."

तिने त्याच्या ट्रेलरच्या चाकातून काढलेलं बेअरिंग त्याच्या हातावर ठेवलं. ते कोरडंठाक होतं आणि तापून तापून निळं पडलं होतं. हे ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरं. आत दोन बिछाने, शेगडी, छोटी मोरी. लोक त्यांच्या पडद्यांचा रंग निवडायला आठ दिवस घालवतात आणि हे सगळं घर ज्या चाकांवर चालतं, त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

"तुमच्याकडे माणसं कधी येतात, डॉक्टर? दात हलायला लागल्यावर. तेव्हा तुम्हाला जो राग येतो ना, तोच आत्ता मला आलाय."

दंतवैद्य मोठ्याने हसला. माणूस वाईट नव्हता. "पटलं," तो म्हणाला. "असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. आमच्या मंडळात बारा ट्रेलर आहेत आणि सेक्रेटरी मीच आहे. सगळे तुमच्याकडे पाठवतो. दर वर्षी."

बेअरिंगवालीने आनंद चेहऱ्यावर दिसू दिला नाही. शेडमध्ये पाऊल टाकून "मालक कुठायत?" असं तिलाच विचारणारी माणसं तिने बावीस वर्षं सोसली होती. तिच्या कामावर विश्वास टाकून कोणी असं आपणहून बोललं, ही गोष्ट तिच्या आयुष्यात क्वचितच घडली होती. शेजारच्या टायरवाल्याने टायरमधून मान वर काढून भुवया उडवल्या. तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. लांब, तीनदा. हा हॉर्न तिने हजारांत ओळखला असता.

जीप आत आली, मागे पांढरा ट्रेलर. जीपमधून फोरमन उतरले. बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन त्यांना चौदा वर्षं झाली होती, तरी सगळं गाव त्यांना फोरमनच म्हणायचं. बेअरिंगवाली त्यांना बाबा म्हणायची, कारण तिचे ते बाबा होते.

"ये, बघ तुझं काम!" त्यांनी शेडच्या दारातूनच आवाज चढवला. "रेल्वे फाटकाच्या उतारावर ब्रेक लागेना. ट्रेलर मागून ढकलत होता. फाटकाच्या दांड्याला दोन हात उरले तेव्हा थांबलो. तुझी आई शेजारी बसलेली. आज दोघंही गेलो असतो!"

"बाबा, आधी बसा."

"बसायला नाही आलो. हे चाक बघ!" मग ते दंतवैद्याकडे वळले. "आयुष्यात पहिल्यांदा हिच्या हाती दिला ट्रेलर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून. नाहीतर चाकाला मी कोणाला हात लावू देत नाही. हे त्याचं फळ."

दंतवैद्य हातातल्या बेअरिंगकडे बघू लागला. बेअरिंगवालीची कानशिलं तापली.

पहिल्यांदा दिला हे खरंच होतं. लहानपणी दर रविवारी बाबा अंगणात जुनं इंजिन उघडायचे आणि तिच्या भावाला शिकवायचे. ती दिवा धरायची. "दिवा इकडे धर" आणि "हलवू नकोस" एवढंच शिक्षण तिच्या वाट्याला आलं. बाकीचं तिने बघून बघून उचललं. भावाने पुढे पडद्यांचं दुकान टाकलं. ती ग्रीसमध्ये उतरली, तर बाबांनी वर्षभर अबोला धरला आणि नंतरही स्वतःच्या ट्रेलरला तिला हात लावू दिला नाही. मागच्या वर्षी शेवटी दिला, तेव्हा तिने ती चार बेअरिंगं तीन-तीनदा धुतली होती. ग्रीस आत अडवणारी नवी सील बसवली होती. इतकं जीव ओतून काम तिने दुसऱ्या कोणाचंच केलं नव्हतं. आणि त्याच कामासाठी आता चारचौघांत तिची अब्रू निघत होती.

तिने जॅक लावला, उजवं चाक काढलं, टोपण काढलं, नट सोडवला आणि हब ओढला. आतून ग्रीसचा लगदा थबकन जमिनीवर पडला. मागचं सील जागेवरून सुटून वाकडं झालं होतं आणि ब्रेकचे लायनर ग्रीसने माखून चिंब झाले होते.

"अबब!" टायरवाला म्हणाला. "एवढ्यात माझी अख्खी गाडी न्हाऊन निघेल."

बेअरिंगवालीने बोटावर थोडं ग्रीस घेऊन उजेडात धरलं. ती वापरायची ते ग्रीस लाल असायचं. हे निळं होतं. कडेला कुठेकुठे लालसर, आणि दोन्ही मिसळून पाण्यासारखं पातळ झालेलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला आनंद झाला. बापाचा ब्रेक निकामी झालाय, आई थोडक्यात वाचलीय, हे सगळं कळत असूनही झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरावा तिच्या बोटावर होता.

"बाबा, हे माझं ग्रीस नाही. निळं तुमच्याकडे असतं. वर्षभर हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना मी? बाहेरून ग्रीसची गन लावून किती वेळा मारलंत?"

"एकदा," फोरमन म्हणाले. "काल, निघायच्या आधी."

"एकदा मारून सील सुटत नाही!"

"मग मी खोटं बोलतोय?"

हा तो आवाज होता, ज्याला वर्कशॉपमधले चाळीस मेकॅनिक टरकून असायचे. आणि अडचण अशी होती की फोरमन खोटं बोलत नसत. हट्टी होते, तिरसट होते, माफी मागणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पण खोटं नाही.

"थांबा. तुमची गनच आणते," ती म्हणाली आणि तरातरा ट्रेलरच्या मागे गेली.

मागच्या बाजूला हत्यारांचा कप्पा होता. तिने झाकण वर केलं. ग्रीस गन पुसून जागेवर ठेवलेली. तिच्या शेजारी निळ्या ग्रीसच्या रिकाम्या नळ्या, नीट रांगेत. नऊ नळ्या. तिने मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. "एकदा म्हणे!" ती पुटपुटली, आणि तिची नजर वर केलेल्या झाकणाच्या आतल्या बाजूवर गेली.

फोरमनना जुनी सवय होती. काम झालं की जिथलं तिथे पेन्सिलीने तारीख घालायची आणि सही करायची. झाकणावर त्यांचं ते सुबक, किंचित तिरकं अक्षर होतं. 'दोन्ही चाकं. ग्रीस झालं. आता वर्षभर नको.' खाली तारीख, सही. त्याच्या खाली तीन दिवसांनंतरची तारीख. 'दोन्ही चाकं. ग्रीस झालं. आता वर्षभर नको.' त्याच्या खाली पुन्हा. अकरा वेळा, तीन आठवड्यांत. दोनदा तर एकाच दिवशी. अक्षर कुठेही हललेलं नव्हतं.

ती झाकण धरून तशीच उभी राहिली. मघाचा सगळा आनंद पायांतून निघून गेला.

"वाचलंस?" आई जीपमधून उतरून मागे आली होती.

"आई, हे काय आहे?"

"मी म्हणते, अहो, सकाळीच मारलंत ना? तर म्हणतात, सकाळी कुठे? मी झाकण उघडून दाखवलं, तर दिवसभर जेवले नाहीत. मग पुन्हा नाही दाखवलं."

"गन लपवायचीस!"

"लपवली होती. नवी आणली." आईने पदराने झाकणावरची धूळ उगाचच पुसली. "बाकी सगळं ठीक असतं गं. जुनं तर सगळं लख्ख आठवतं. गाड्यांचे नंबरसुद्धा."

"मला सांगायचं नाही? आज फाटकात घुसला असतात दोघं!"

"तू चिडतेस," आई म्हणाली. "आणि ते तुझ्यापुढे ताठ राहायला बघतात. तुझ्यापुढेच जास्त."

बेअरिंगवालीला आईचा राग आला, बाबांचा आला, झाकणाचा आला. सगळ्यात जास्त राग याचा आला, की आयुष्यभर ती ज्या माणसाकडून एक 'बरोबर आहे' ऐकायला थांबली होती, तो माणूस तिला न सांगताच निघून चालला होता. तिने झाकण लावलं. गन आतच ठेवली.

शेडमध्ये तिघंही तिची वाट बघत होते. फोरमन छाती पुढे काढून उभे होते, पण हातातली चिंधी ते एकाच बोटाभोवती गुंडाळत होते आणि सोडत होते.

"काय? सापडलं काही?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा होता. डोळे मात्र तिच्या तोंडाकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांत तिने पहिल्यांदाच भीती बघितली.

तिने दंतवैद्याकडे पाहिलं. बारा ट्रेलर. दर वर्षी.

"तुमचं बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली. "चूक माझीच. मागच्या वर्षी मी सील चुकीच्या मापाचं बसवलं. म्हणून सुटलं ते."

टायरवाल्याने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्याने ते पुन्हा मिटलं आणि टायरमध्ये मान घातली.

फोरमनचे खांदे सैल झाले. "मला वाटलंच होतं," ते म्हणाले.

दंतवैद्याने हातातलं बेअरिंग हलकेच बाकावर ठेवलं. घसा खाकरला. "ताई, माझं आज एवढं जोडून द्या नुसतं. म्हणजे... घरी विचारतो आणि कळवतो." सहा वर्षं कोरड्या चाकांवर फिरलेला तो माणूस आता तिच्या कामाला घाबरला होता. तिला ओरडावंसं वाटलं. तिने निळं पडलेलं बेअरिंग बदललं, बाकीची धुतली, लाल ग्रीस भरलं, सील तपासून नवी घातली आणि चाकं बसवून दिली. एवढं तरी ती त्याला न विचारता करणारच होती. तो गेला. मंडळाबद्दल जाताना काही बोलला नाही.

"लायनर मागवावे लागतील," ती बाबांना म्हणाली. "आठवडा जाईल. तोवर ट्रेलर इथेच राहू दे, आणि तुम्ही दोघं माझ्याकडे चला." लायनर मागच्या फळीवर होते. आजचं हे दुसरं खोटं तिला पहिल्यापेक्षा सोपं गेलं. जीपच्या किल्ल्या आईने आधीच पदराला बांधल्या होत्या.

फोरमन स्टुलावर बसले. तिने उजव्या चाकाची बेअरिंगं धुऊन, पुसून कापडावर मांडली. ती ग्रीसचा डबा उघडणार, तोच ते म्हणाले, "आण ते इकडे." ती घेऊन गेली. अजून काय ऐकायचं राहिलंय, असं तिच्या मनात आलं.

"तुला हे शिकवायचं राहूनच गेलं," फोरमन म्हणाले.

तिने मान वर केली.

"तुझ्या भावाला शिकवलं. त्याला नको होतं. तुला हवं होतं, मला दिसत होतं. दिवा धरून उभी असायचीस. चुकलंच ते." त्यांनी तिचा हात ओढून तळहात उताणा केला आणि त्यावर लिंबाएवढं लाल ग्रीस ठेवलं. "आता बेअरिंगची रुंद बाजू खाली धर. तळहाताच्या कडेवर दाब आणि ओढ. दाब आणि ओढ. वरून ग्रीस डोकावलं की थोडं फिरव. बाहेरून चोपडून उपयोग नाही. आत जायला हवं."

हे काम तिने हजारो वेळा केलं होतं. तरी तिने पहिल्यांदाच करत असल्यासारखं बेअरिंग हळूच धरलं. बाबांचं बोट तिच्या मनगटावर होतं. दाब आणि ओढ. गोल दांड्यांच्या फटींतून लाल थेंब एकेक करून वर आले. आई शेजारी येऊन टॉर्च धरून उभी राहिली.

"हं," फोरमन म्हणाले. "बरोबर आहे. हात चांगला आहे तुझा."

भरलेली बेअरिंगं तिने हबमध्ये बसवली आणि नट आवळायच्या निमित्ताने बराच वेळ चाकाआड वाकून राहिली. मग डाव्या चाकाकडे गेली, तेही खोललं, धुतलं आणि दुसरी जोडी घेऊन स्टुलापाशी आली.

फोरमननी बेअरिंगकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मघासारखाच मऊ झाला.

"इकडे ये," ते म्हणाले. "तुला हे शिकवायचं राहूनच गेलं बघ."

आईने टॉर्च जवळ आणला. बेअरिंगवालीच्या तळहातावर मघाचं लाल ग्रीस अजून होतं. तिने चिंधी घेतली, तळहात पुसला, बोटांच्या बेचक्या पुसल्या, काहीही उरलं नाही असं बघितलं आणि कोरा हात त्यांच्यापुढे धरला.

"शिकवा, बाबा."