कुत्र्यांना आत मनाई

शेवटचा स्क्रू पिळून माळी शिडीवरून उतरला आणि पाटी सरळ बसली का, म्हणून त्याने खाली उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. बागेची व्यवस्था तिच्याकडे होती. तिने मान डोलावली खरी, पण मनातून ती धास्तावली होती. ‘कुत्र्यांना आत आणू नये.’ एका दांडग्या कुत्र्याने धावत्या मुलीला पाडलं, तिच्या हनुवटीला टाके पडले, तेव्हा बैठकीत या पाटीचा आग्रह तिनेच धरला होता.

आणि रोज सकाळी कुत्रं घेऊन येणाऱ्यांत तिचे सासरेही होते. सासूबाई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. घरात असून नसल्यासारखे. म्हातारी कुत्री तेवढी त्यांना ओढून बाहेर काढायची. रात्री जेवताना सांगायचं, असं तिने ठरवलं. पण ते खाली वाकून कुत्रीला घास भरवत होते, आणि तिचे शब्द ओठांतच राहिले.

सकाळी ते फाटकाशी थांबले. चष्मा सारखा करून त्यांनी पाटी वाचली. ती आतच उभी होती. रखवालदाराने हळूच तिच्याकडे पाहिलं. बाईंच्याच घरचं माणूस. तिने नुसती नजर वळवली असती, तरी त्याने त्यांना आत सोडलं असतं. तिने नजर वळवली नाही. सासरे मुकाट्याने माघारी फिरले.

दिवसभर तिचं कामात चित्त लागेना. संध्याकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवून ती उभीच राहिली.

“बाबा, मी आधी सांगायला हवं होतं.”

“सांगितलं असतंस, तर मी सवलत मागितली असती. मग तुझी पंचाईत झाली असती.” त्यांनी कप उचलला. “अक्षरं ठसठशीत आलीत. लांबूनही वाचता येतात.”

हा राग की समजूत, तिला उमगेना. नवऱ्याला विचारलं, तर त्यांच्या मनातलं त्यांनाच ठाऊक, म्हणून तो मोकळा झाला.

त्यानंतरही सासरे नेहमीच्या वेळी कुत्रीला घेऊन निघत, पण परतायला उशीर होऊ लागला. कुठे जाता, हे विचारायला तिला तोंड नव्हतं. शेवटी रखवालदारच एकदा हसत म्हणाला, की बाई, जरा कुंपणापलीकडे बघून या.

सासरे फुटपाथवर उभे होते. दोन्ही हातांत कुत्र्यांचे पट्टे. लोक आपापली कुत्री त्यांच्याकडे सोपवून निर्धास्त फेऱ्या मारायला आत जात होते. फेरी संपवून आलेल्या एका बाईंना ते सांगत होते, की आमच्या हिला कुत्रं नजरेसमोर खपायचं नाही, आणि शेवटी हिनेच या कुत्रीला आपल्या पांघरुणात घेतलं. सांगता सांगता ते खळखळून हसले. ते हसणं ती विसरूनच गेली होती.

तिला पाहून ते सावरले.

“इथे तर मनाई नाही ना, सूनबाई?”

“नाही, बाबा.”

“मग एखादा बाक मिळेल का? उभं राहून पाय भरून येतात.”

तिने माळ्याला हाक मारली. तळ्याकाठचा एक बाक दोघांनी उचलून फाटकाबाहेर आणला आणि कुंपणालगत टेकवला. सासरे लगेच बसले नाहीत.

“आधी तू बैस,” ते म्हणाले आणि अर्धे पट्टे त्यांनी तिच्या हातात दिले.