बंद करून पुन्हा चालू

वार्षिक चाचणीसाठी अभियंत्याने भिंतीवरच्या पेटीतली तार काढली आणि घड्याळाकडे पाहिलं. मुख्य कार्यालयाशी शाखेचा संबंध तुटला, पण तिथल्या औषधांच्या गोदामात कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. पाच जण मांडण्यांमधून फिरत खोक्यांवर स्कॅनर रोखत होते आणि प्रत्येक स्कॅनर इमानेइतबारे वाजत होता.

व्यवस्था त्याचीच होती. वायफायवर कुणाला घ्यायचं ते मुख्य कार्यालयातला कंट्रोलर ठरवी. तो बंद पडला तर शाखेने आपलं आपण निभावावं, अशी सोय त्याने केली होती. वर्षापूर्वी इथेच दहा मिनिटं तार काढून बघितली, सगळं चालू दिसलं, आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून गडी मोकळा झाला.

आज त्याने सहावा, पडून असलेला स्कॅनर हातात घेतला. बंद केला, पुन्हा चालू केला. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, जोडलं काही गेलं नाही.

जे आधीपासून जोडलेले होते तेवढेच टिकले होते. एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घ्यायला कुणी नव्हतं. इतकी साधी गोष्ट तपासायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि आता ती कळताच त्याचे कान तापले.

हा स्कॅनर तात्यांचा होता. गोदामातला सर्वांत जुना माणूस. बाकीचे जण आपले स्कॅनर दिवसभर चालू ठेवत. तात्यांना मात्र उगाच जळणारा दिवा आणि वाहता नळ बघवत नसे, त्यामुळे चहाला जाताना ते यंत्र बंद करून जात. मागच्या महिन्यात कंट्रोलर अडीच तास बंद पडला तेव्हा चहा घेऊन परत आलेल्या तात्यांचं एकट्याचं यंत्र जोडलं जाईना. त्यांच्या वाट्याची गाडी अर्धी रिकामी गेली. व्यवस्थापकाचा फोन आला तेव्हा अभियंत्याने खुर्चीतून न उठता लिहून दिलं: 'इतर सर्व स्कॅनर सुरळीत. वापरणाऱ्याची चूक.' तात्यांची रवानगी फाटकावर झाली, गाड्यांचे नंबर लिहायला.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. पुन्हा तार काढून त्याने सहाच्या सहा स्कॅनर बंद करून चालू केले. सगळे जोडले गेले. आता गप्प बसला असता तर झाकली मूठ सव्वा लाखाची. तो व्यवस्थापकाच्या खोलीत गेला.

"त्या दिवशी तात्यांची चूक नव्हती. माझी होती."

"बरं, झालं ना आता दुरुस्त? तात्या रुळलेत तिकडे. कशाला उकरून काढता?"

"मी लेखी देतो. आणि त्यांना सांगून येतो."

"सांगा बापडे."

फाटकावर त्याला बघताच तात्या स्टुलावरून उठले.

"साहेब, माझ्यामुळे तुम्हाला फार ताप झाला त्या दिवशी."

"बसा तात्या."

तात्या बसले नाहीत. मग त्यानेही उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आपण काय तपासलं नाही, काय लिहून दिलं, काहीही गाळलं नाही. बोलताना त्याला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

"म्हणजे मी बटण बरोबर दाबलं होतं?"

"हो."

"तीनदा दाबलं होतं. मला आठवतंय."

"बरोबरच आठवतंय तुम्हाला."

तात्यांनी खिशातून फोन काढला आणि घरी लावला.

"अगं, उद्या त्या मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचं नाही. नाही, विसरलो नाही. जायचंच नाही. माझं काही बिघडलेलं नाही, ते यंत्राचंच होतं. आणि घराची किल्ली आता माझ्याकडे दे. हे बघ, साहेब इथंच आहेत, विचार त्यांना."

फोन अभियंत्याच्या हातात आला.

"हॅलो?" पलीकडे बाईंनी आवाज खाली आणला. "साहेब, खरं सांगा हं. त्यांना बरं वाटावं म्हणून तर म्हणत नाही ना तुम्ही?"

फाटकाशी गाडी येऊन उभी राहिली, हॉर्नही वाजला. तात्या नंबर लिहायला वळले नाहीत. ते त्याच्या तोंडाकडे बघत होते.