साल न सोललेला खुंटा

मी खुंटा बोलतोय. ऐनाच्या लाकडाचा, शेळ्या बांधायचा खुंटा. आत्ता मी ओढ्याकाठच्या खड्ड्यात आडवा पडलोय. खाली वाळका पाला, अंगावर पुवाच्या चिंध्या. काडी लागायच्या आत मला बोलून घ्यायचं आहे, कारण माझ्या पापाचा आळ एका मेलेल्या माणसावर आला आहे.

उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या वाळू नावाच्या गड्यानं मला रानातून आणलं. त्याची बायको भिमी म्हणाली, "साल सोल ना त्याची."

"राहू दे गो," वाळू म्हणाला. "करडांना मान घासाया बरी."

ऐनाची साल खरखरीत, भेगाभेगांची. ती तशीच ठेवून त्यानं मला गोठ्याच्या मधोमध ठोकलं. त्यानं मायेनं ठेवलेल्या त्या सालीनंच पुढे घात केला.

ते दिवस मात्र सुखाचे होते. संध्याकाळी शेळ्या रानातून परतल्या की वाळू माझ्यावर दोनदा थाप मारायचा आणि विचारायचा, "हायस ना रे जाग्यावर?" मी कुठं जाणार होतो! उत्तर न देणाऱ्या वस्तूंशी बोलायची माणसांना भारी हौस. करडं हुंदडून दमली की माझ्यापाशी येऊन मान घासायची. मी लाकूडच, पण माझेही लाड होतायत असं वाटायचं.

तीन पावसाळ्यांपूर्वी वाळू तापानं गेला. त्याची मुलगी रविना लग्न होऊन मुरबाडकडे गेलेली. भिमी एकटी राहिली आणि संध्याकाळच्या त्या दोन थापा ती मारू लागली.

मागच्या वर्षी एका शेळीच्या जबड्याखाली गाठ आली. बोराएवढी होती, बघता बघता लिंबाएवढी झाली. भिमीनं शेळीला मला आवळून बांधलं, बाभळीच्या काट्यानं गाठ फोडली आणि अंगठ्यानं दाबून दाबून पू काढला. दह्यासारखा घट्ट पू. तो वैरणीत पडू नये म्हणून तिनं अंगठा माझ्या सालीला पुसला. मग जखमेत हळद-तेल भरून वर चिंधी बांधली. शेळी बरी झाली, भिमी निर्धास्त झाली. पू माझ्या भेगांत राहिला.

करडं माझ्यावर मान घासत होतीच. घासताना साल त्यांची कोवळी कातडी ओरबाडायची. दोनेक महिन्यांनी एकाच्या जबड्याखाली गाठ आली, मग दुसऱ्याच्या खांद्यापुढे. पुन्हा काटा, पुन्हा अंगठा, पुन्हा माझी साल. तिसऱ्याच्या अंगावर काहीच दिसलं नाही, ते आतल्या आत खंगलं आणि खोकत खोकत गेलं. बाकीची दोघंही तशीच वाळत गेली. दिवाळी ते शिमगा, एवढ्यात तीन करडं गेली.

तेव्हापासून दुपारी, शेळ्या रानात आणि गोठा रिकामा असताना, माझ्या अंगाला कोणीतरी मान घासतं. आधी एक, मग दुसरं, मग तिसरं. खाली बघावं तर मातीत खुराची खूण नाही. ती तिघं मला दोष देत नाहीत. पूर्वीसारखी लाडानं घासतात, आणि तेच मला सोसत नाही.

शेजारची म्हातारी गोजर म्हणाली, "वाळूच नेतोय गो. त्याला तिकडं करमत नाय."

भिमीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यापुढे मूठभर तांदूळ ठेवले आणि माझ्यावर डोकं टेकलं. "रविनाच्या बापा, तीन नेलीस. ही बारकी तेवढी मला ठेव रे."

बारकी म्हणजे उरलेलं एकुलतं करडू. भिमी एका बाजूनं रडत होती आणि दुसऱ्या बाजूनं बारकी माझ्यावर मान घासत होती. मला ओरडायचं होतं. लाकडाला ओरडता येत नाही.

परवा खर्डीहून सरकारी दवाखान्यातली माधुरी लस टोचायला आली. तिनं बारकीचा जबडा चाचपला आणि तिची बोटं थांबली. वाटाण्याएवढी गाठ.

"आत्ताच फोडू नका, मावशी. हिला वेगळी बांधा. पिकली की मला बोलवा. गोठ्यापासून लांब नेऊन काढू, हातमोजे घालून. पू जाळायचा. वेळेत कळलंय, वाचेल ती." मग तिनं विचारलं, "आधीच्या गाठींचा पू कुठं टाकलात?"

भिमीनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

माधुरीनं वाकून माझ्या भेगा पाहिल्या. "हा खुंटा उपटा आणि जाळा. खालची मातीही खरवडून काढा."

"ह्यो नाय," भिमी म्हणाली. "रविनाच्या बापाच्या हातचा हाय." मग ती हळूच म्हणाली, "म्हंजी, त्यानं नाय नेली?"

"कोणी, मावशी?"

भिमीनं बारकीचं दावं सोडलं आणि तिला बाहेर नेलं.

दोन दिवस तिनं माती खरवडली, चुना टाकला, चिंध्या गोळा केल्या. मला हात लावला नाही. बाहेर जांभळीला बांधलेली बारकी दावं ताणून माझ्याकडे यायला बघत होती. आज सकाळी ते दावं सुटलं. बारकी धावत आली, मान वाकवली, आणि भिमीनं तिला मध्येच उचललं. मग ती पहार घेऊन आली.

आता ती खड्ड्यापाशी उकिडवी बसलीय. हातात काडेपेटी आहे. तिनं माझ्यावर दोनदा थाप मारली.

"तू नाय नेलीस रे, रविनाच्या बापा. मीच अंगठा पुशीत व्हते."

रडू नकोस, भिमी. तुला ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं. लाव काडी.

फक्त एक काम कर. दुपारी ती तिघं येतील आणि मला शोधत गोठ्यात फिरतील. त्यांना म्हणावं, वाळूकडे जा. त्याचे हातही खरखरीत होते, आणि त्यांनी कधी कुणाला ओरबाडलं नाही.