कुंपणापाशी दोन खुर्च्या

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. लहान गोष्ट आठ पट मोठी करून दाखवायची हा माझा जन्माचा धंदा, आणि बोलतानाही माझी ती खोड जात नाही. टॅलो बेंड गावात माझ्या मालकाला लोक थापाड्या म्हणत, पण खरा दोष माझ्या भिंगांचा. तेव्हा मी सांगेन ते आठाने भागून घेत जा. जिथे भागायचे नाही, तिथे मी स्वतःच सांगेन.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात एका बाईने माझी भिंगे घासली. इतकी स्वच्छ, की तिने पहिल्यांदा माझ्यातून खिडकीबाहेर पाहिले तेव्हा तिला पुढच्या आठवड्यातला पाऊस दिसला आणि तिने वाळत घातलेले कपडे काढून घेतले. मग खोके, जहाज आणि अलाबामातल्या एका दुकानाची काच. तिथून मला लुरलीन टिडवेलने उचलले, नवऱ्याच्या वाढदिवसासाठी.

"पक्षी बघत जा," ती ओर्विलला म्हणाली. "मनाला बरं वाटतं."

ओर्विल आरागिरणीत करवतींना धार लावायचा. उजव्या हाताची तर्जनी करवतीने अर्धी नेली होती. त्याच अर्ध्या बोटाने तो माझे चाक फिरवी, आणि पुढे मला दुसऱ्या कुणाचे बोट गोड लागेना. त्याने एक दिवस पक्षी पाहिले. दुसऱ्या दिवशी मला गळ्यात अडकवून तो कॉलेजच्या मैदानावर गेला, आणि पक्ष्यांचा विषय तिथेच संपला.

इकडचा फुटबॉल लांबट चेंडूचा. चेंडू हातात घेऊन पळायचे, लांब फेकायचे, आणि पळणाऱ्याला बाकीच्यांनी आडवे पाडायचे. खरे सामने शरदात होतात. तेव्हा बँड वाजतो आणि गावातली कुत्रीसुद्धा संघाच्या रंगाचा पट्टा घालून हिंडतात. ओर्विलचा जीव मात्र वसंतातल्या सरावात. मार्चअखेरीपासून पंधरा दिवस सराव चाले. तिथे गुण नाहीत, बँड नाही, नुसती पोरे, घाम आणि शिट्टी. जाळीच्या कुंपणाबाहेर त्याची घडीची खुर्ची, मांडीवर उकडलेल्या शेंगांची ओली पिशवी आणि गळ्यात मी.

"शरदात काय, सगळेच बघतात," तो म्हणे. "पोरगं चुकत असताना बघावं. कोण उठून उभं राहणार ते तेव्हाच कळतं."

काय काय पाहिले आम्ही. एका पोराने चेंडूला अशी लाथ हाणली, की तो खाली येईपर्यंत पोरगे पदवी घेऊन घरी गेले होते. एक तर एवढा रुंद, की कोच त्याच्या सावलीत दुपारची झोप काढी आणि सूर्य सरकला की त्याला दोन पावले सरकायला सांगे. भागा आठाने, माझी ना नाही.

कुंपणापाशी कुणी नवखा आला, की ओर्विल त्याला पहिला धडा देई. "वसंतात पोरं शंभराच्या वर असतात आणि नंबर नव्व्याण्णवच. मग एकच नंबर दोघांना वाटतात, एक चढाईवाला, एक बचाववाला. कुंपणावर बसून नुसत्या नंबरावरून बोलू नका, तोंडघशी पडाल."

पंधराव्या दिवशी संघ आपसातच दोन भाग करून सामना खेळे. त्या संध्याकाळी हॉइट मॅडॉक्स न्हाव्याचे दुकान भरून जाई. शरदात संघाचा म्होरक्या, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, कोण असणार ते ओर्विलने सांगायचे. हॉइटने दाढीच्या ब्रशाने त्या पोराच्या शर्टावरचा आकडा आरशाच्या कोपऱ्यात लिहायचा, आणि पहिल्या सामन्यापर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. एवढ्या वर्षांत ओर्विल दोनदाच चुकला. एका पोराचा पाय मोडला आणि एकाचे लग्न झाले.

"मिस्टर ओर्विल," हॉइट म्हणे, "तुमच्या दुर्बिणीला भविष्य दिसतं, पण स्वतःच्या मानेवरचं जंगल दिसत नाही. बसा खुर्चीत."

अशी पस्तीस वर्षे गेली. गिरणी बंद पडली, ओर्विलचे केस पांढरे झाले, माझा पट्टा दोनदा बदलला.

छत्तिसाव्या वसंतात त्याचे अर्धे बोट माझ्या चाकावर थांबेना. पुढे, मागे, पुन्हा पुढे. त्याने शर्टाच्या टोकाने माझी भिंगे पुसली. तोंडाची वाफ देऊन पुन्हा पुसली. शेवटी म्हणाला, "दुर्बीण धुरकट झाली."

मित्रांनो, मी धुरकट नव्हते. धूर त्याच्या डोळ्यांत होता. कडेकडेचे दिसे, पण जिथे बघावे नेमके तिथे काळा डाग. गोड चहा तो पेल्याच्या बाहेर ओती आणि पेल्याला नावे ठेवी. डॉक्टरकडे गेला नाही. डोळे गेले हे गावाला कळले, तर आरशावरचा आकडा दुसरा कुणीतरी सांगणार, याची त्याला मरणापेक्षा जास्त भीती होती. त्या वर्षी त्याने कुंपणावरच्या गप्पा ऐकून आकडा सांगितला. तो बरोबर निघाला, पण महिनाभर त्याला जेवण गेले नाही.

आणि मी? मला फक्त दाखवता येते. बोल लावला तो मुकाट्याने सोसला.

पुढच्या मार्चमध्ये लुरलीन पदर खोचल्याच्या थाटात दारात उभी राहिली. "मी पण येते आज."

"तू? तुला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण पिकअप मी चालवणार. तू परवा टपालपेटीला धडकलास."

"पेटीच पुढे आली होती."

"हो ना, फार वात्रट पेटी आहे ती."

कुंपणापाशी तिने दुसरी खुर्ची उघडली. ओर्विल माझे चाक फिरवत बसला. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. "बघू."

तिने मला डोळ्यांना लावले. मी जीव ओतून दाखवले. पलीकडच्या टोकाच्या पोराच्या हनुवटीवरचा घामाचा थेंबसुद्धा. लुरलीन कितीतरी वेळ बघत राहिली. मग मला खाली घेऊन म्हणाली, "खरंच की. अगदी धुरकट झालीय."

ओर्विलने श्वास सोडला.

"पण माझा चष्मा लावून थोडंफार दिसतंय," ती म्हणाली. "बघते मी, सांगते तुला."

मग पंधरा दिवस ती सांगत राहिली. तिला डाव कळत नव्हते, माणसे कळत होती. "तो एकसष्ट नंबर सारखा आकाशाकडे बघतोय. घरची आठवण येत असेल. तो जाडा उलटी करून आला आणि परत रांगेत उभा राहिला, बघ. त्या दोघांचं भांडण झालंय, पण पाणी एकाच बाटलीतून पितायत. अगंबाई, एकाच्या बुटाचा बंद सुटलाय, पडेल आता. आणि ओर्विल, कोपऱ्यात टिटवीनं अंडी घातलीत. कुणी तुडवू नये म्हणून भोवती सरावाचे चार शंकू ठेवलेत."

ओर्विल शेंगा सोलायच्या विसरला. "आणि फेकतोय कोण?"

"नऊ नंबर. मस्त फेकतो."

अर्ध्या तासाने ती म्हणाली, "आता बघ, नऊ नंबरनं एकाला असं आडवं केलं की मलाच कळ आली."

"नऊ नंबरनं? फेकणाऱ्या?"

"नऊच. मला आकडे वाचता येतात, ओर्विल."

ओर्विल खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या लहानपणी फेकणे आणि पाडणे दोन्ही करणारी पोरे असत. तशी पोरे नाहीशी होऊन पन्नास वर्षे झाली. पुन्हा एक उगवले, आणि तेही आपल्या शेवटच्या वसंतांत, या कल्पनेने त्याचा चेहरा उजळला. मी त्याच्या छातीवर होते. आतली धडधड मी आठ पट ऐकली.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी लुरलीन पिकअपमध्ये थांबली आणि ओर्विल मला गळ्यात घेऊन दुकानात शिरला. हॉइटने ब्रश फेसात बुडवला.

"बोला, मिस्टर ओर्विल."

"नऊ."

"कुठला नऊ?"

ओर्विल हसला. "कुठला म्हणजे? तोच. फेकतोही आणि पाडतोही. असलं पोरगं मी पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं."

हॉइटचा ब्रश हवेतच थांबला. खुर्चीतले गिऱ्हाईक अर्ध्या फेसाळ तोंडाने म्हणाले, "अहो, दोन आहेत की नऊ नंबर. फेकतो तो पांढऱ्या शर्टातला, पाडतो तो लाल. आंधळ्यालासुद्धा दिसेल."

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. ओर्विलचा हात माझ्यावर आला आणि त्याने मला घट्ट धरले, जशी मीच पळून जाणार होते. हॉइटने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. नंतर आरशाकडे वळून त्याने सावकाश नऊ लिहिला.

"मिस्टर ओर्विल नऊ म्हणालेत," तो म्हणाला. "नऊ."

पिकअप रेल्वेच्या फाटकापाशी आली. मग ओर्विल म्हणाला, "नऊ दोन असतात, लुरलीन."

तिने गाडी कडेला घेतली. "मला वाटलं, पोरानं शर्ट बदलला. पहिला घामानं भिजला होता ना."

"कुंपणावर आलेल्या प्रत्येक परक्याला मी हे सांगितलं. सदतीस वर्षं. तुला कधी सांगितलं नाही."

"मी तरी कुठं विचारलं."

तो बराच वेळ माझ्या भिंगावरून अंगठा फिरवत राहिला. "दुर्बीण चांगली आहे, हो ना?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," लुरलीन म्हणाली.

हे आठाने भागू नका.

घरी गेल्यावर त्याने मला कपाटाच्या खालच्या खणात ठेवले, विझलेल्या विजेऱ्या आणि सुतळीच्या गुंड्यांमध्ये. शरद आला, दूरवर बँड वाजला. पांढरा नऊच म्होरक्या झाला. गावात कुणी म्हणाले ओर्विल बरोबर होता, कुणी म्हणाले चुकला. तो ऐकायला गेला नाही. हॉइटच्या दुकानात पाय ठेवला नाही. त्याचे केस लुरलीन स्वयंपाकघरात कापी, वेडेवाकडे.

जानेवारीत एका सकाळी लुरलीनने चुलीवर किटली ठेवली. किटली शिट्टी वाजवत राहिली. ओर्विलला वाटले, ती तिथेच आहे, उतरवेल आता. पाणी आटून शिट्टी बंद पडली, तेव्हा तो भिंत धरत उठला. तेही भागू नका.

लुरलीनच्या दफनानंतर चर्चमधल्या बायकांनी झाकलेली भांडी भरून जेवण आणले. ती भांडी परत न्यायलाही त्याच आल्या. मग कुणी येईना.

मार्चअखेरीस दार वाजले. हॉइट होता, हातात कात्री. काही न विचारता त्याने ओर्विलच्या मानेभोवती टॉवेल गुंडाळला. केस कापून झाल्यावर म्हणाला, "आज पहिला दिवस आहे."

"मला काय दिसणार आहे, हॉइट?"

"दिसलं नाही तर नाही. शेंगा तर खाता येतात ना? दुर्बीण कुठंय?"

खण उघडला, उजेड आत आला. कुंपणापाशी हॉइटने एक खुर्ची ओर्विलसाठी उघडली आणि स्वतः जाळीला टेकून उभा राहिला.

"दुसरी पण उघड," ओर्विल म्हणाला. "आणि बस."

हॉइट अवघडून बसला आणि खाकरून सुरू झाला. "चढाई डावीकडून. म्होरक्या तीन पावलं मागे. फेक उजवीकडे, चुकली."

"हे मला शिट्टीवरून कळतं." ओर्विलने मला गळ्यातून काढले आणि त्याच्या हातात दिले. एवढ्या वर्षांत परक्या पुरुषाच्या हाती मी पहिल्यांदाच गेले. "ती सांगायची तसं सांग."

चाकावर आलेले ते अख्खे बोट मला फार लांब वाटले. हॉइट बघत राहिला. पुष्कळ वेळाने म्हणाला, "मागच्या रांगेत एक धिप्पाड पोरगं आहे. त्याच्या बुटाचा बंद सुटलाय. त्याला माहीत नाही."

"कुठल्या पायाचा?"

हॉइटने चाक हळूच फिरवले. "डाव्या."

ओर्विलने मान हलवली. हातातली शेंग तशीच होती. "आणि कोपऱ्यात टिटवी आहे का? गेल्या वर्षी होती, चार शंकूंच्या मध्ये, अंड्यांवर."

हॉइटने सगळे मैदान पालथे घातले. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग पुन्हा उलटे. मी त्याच्या डोळ्यांपुढेच होते, मित्रांनो. तिथे नुसते गवत होते.

"आहे," हॉइट म्हणाला. "अंड्यांवर बसलीय. चार शंकू ठेवलेत भोवती."

"हं," ओर्विल म्हणाला. "मग ठीक आहे." आणि त्याने शेंग सोलली.

आता माझी भिंगे खरोखरच धुरकट होत चालली आहेत. आत बुरशी धरली आहे, माझा शेवट जवळ आला. म्हणून जाता जाता एक विनंती करते. तुमच्या घरातले कुणी म्हातारे म्हणाले, की दुर्बीण बिघडली, तर तिला अडगळीत टाकू नका आणि त्यांच्याशी वादही घालू नका. एकदा डोळ्यांना लावून बघा. सगळे लख्ख दिसले, तर 'खरंच की' म्हणा आणि शेजारी खुर्ची उघडून बसा. जे दिसेल ते सांगा, बुटाच्या बंदापासून टिटवीपर्यंत. फक्त नंबर सांगाल तेव्हा शर्टाचा रंगही सांगत जा.