भीतीचा पिवळा रुमाल

कामठी रोडवरच्या लग्नाच्या लॉनमध्ये त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच वेळी आमच्या चर्चमध्ये माणसांपेक्षा पंखे जास्त होते. म्हणून मीही लॉनमध्ये गेलो. कोणी त्याला मत्सर म्हणेल. मी पाहणी म्हणतो.

स्टेजवर ब्रदर योएल. पांढरा सूट, पांढरे बूट, हातात गुलाबाचा वास मारणारा पिवळा रुमाल.

"देवाला भ्या," ब्रदर म्हणाले. "जिच्या मनात देवाचं भय, तिच्या मुठीत रुमाल सोन्यासारखा राहील. जिच्या मनात पाप, तिच्या मुठीत रक्त उतरेल. बोला आमेन."

लोकांनी लॉन हलवलं. हे आमच्याच मंडळीचे लोक. आमच्या पाळकसाहेबांना त्यांनी इतकं मोठं आमेन कधी दिलं नव्हतं.

परीक्षा फक्त लग्न झालेल्या बायकांची. "पुरुषांचा हिशेब देव वर घेईल," असं ब्रदरनी सांगितलं. पुरुषांना ते पटलं.

रांगेत आमच्याच गल्लीतली चारुलता उभी होती. ती दवाखान्यात नर्स आहे. रात्रपाळी संपली की दवाखान्याची गाडी तिला घरी सोडते, आणि त्या गाडीचा ड्रायव्हर हसतमुख आहे. तिच्या नवऱ्याला, संजीवला, एवढा पुरावा पुरला होता. रुमाल लाल झाला तर नोकरी बंद आणि बायको कुहीला माहेरी, असं त्यानं घरी जाहीर केलं होतं.

"काकाजी, आज कळतेच," तो माझ्या कानाशी म्हणाला. ज्या सुरात लोक दहावीच्या निकालाबद्दल बोलतात, त्या सुरात.

ब्रदरनी चारुलताच्या तळहातावर पाणी शिंपडलं, रुमाल ठेवला, मूठ आवळायला लावली. मूठ उघडली तर रुमालावर लालभडक डाग.

"मी काहीच केलं नाही," चारुलता म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

"देवालाही ईर्ष्या असते," ब्रदर संजीवकडे बघत म्हणाले. "नवऱ्याला असली तर काय चुकलं?"

संजीव उठला. "बॅग भर, चारू."

"थांब गा, संजू." त्याची थोरली बहीण प्रणाली स्टेजवर चढत होती. ती शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. "इकडे ये. तू पण रुमाल धर."

"मी काहून?"

"पुरुषांची परीक्षा नाही," ब्रदर घाईनं म्हणाले.

"काहून? तुमचा देव पुरुषाच्या हाताले भेते काय?"

लोक हसले. मग संजीवला वर जावंच लागलं. प्रणालीनं त्याच्या हातावर पाणी शिंपडलं, रुमाल कोंबला. बायकोच्या मुठीत डाग पडला होता; नवऱ्याच्या मुठीत रुमाल कसायाच्या फडक्यासारखा झाला.

"याचं कोणासंग हाय गा?" मागून कोणीतरी विचारलं.

"संजू, खर्रा कुठं आहे तुझा?" प्रणालीनं विचारलं.

संजीवची नजर चारुलताच्या पर्सकडे गेली. चारुलतानं पर्समधून सैल रबराची, अर्धा खर्रा उरलेली प्लास्टिकची पन्नी काढली. "गेटवर तंबाखूसाठी माणसायची झडती घेऊन राहिले होते ना, ताई. बाईले कोणी तपासत नाही म्हणून यायनं माझ्या हातात दिला. रांगेत येईपर्यंत मुठीतच होता."

"आणि खर्र्यात काय असते?"

हे नागपूरला सांगावं लागत नाही. सुपारी, तंबाखू आणि ओला चुना.

रुमाल हळदीत बुडवलेला, वर गुलाबपाणी. हळदीला चुना लागला की ती लाल होते. जुन्या काळी कुंकू असंच करत. आमच्या घरांत कुंकू नसतं, म्हणून तो रंग कोणी ओळखला नाही. आणि खर्रा टाकून देईल असा नागपूरचा नवरा नाही, तो बायकोच्या हाती देईल, हे ओळखून झडती ब्रदरनीच लावली होती. जिचा नवरा खर्रा खात नव्हता, ती देवभीरू ठरली.

"ब्रदर, आता तुमचा हात द्या," प्रणालीनं पन्नी पुढे केली.

ब्रदरनी दोन्ही हात खिशात घातले. त्या लॉनमध्ये खरं भय मला तेव्हाच पहिल्यांदा दिसलं.

"चारू, चल घरी," संजीव पुटपुटला.

"चला. बॅग भरायची आहे ना," ती म्हणाली. "तुमची."

त्या संध्याकाळी तो प्रणालीकडे राहायला गेला. चारुलता ड्युटीवर गेली.

आमचे पाळकसाहेब म्हणतात, देवाचं भय म्हणजे निरपराध माणसावर बोट रोखताना हात जड होणं. असं बोलतात म्हणूनच चर्च रिकामं राहतं. पण मला ते पटतं. देव असेल तर त्याला हळद लागत नाही, आणि संशयाला तर पुरावाही लागत नाही, फक्त रुमाल धरून उभा राहणारा कोणी लागतो. तो भेटला, तर मूठ आवळण्याआधी एवढंच करा: त्याला म्हणा, आधी तुझा हात दाखव.